दोन ठिकाणी ठेवलेले आवाज

१

रतनसिंग गुरुजींनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली हार्ड डिस्क काढली आणि दोन्ही हातांनी काउंटरवर ठेवली.

"भाभी, कम्प्युटर चोरीले गेला," ते म्हणाले. "पण हे वाचलं. हे वाचलं म्हणून मी अजून उभा आहो."

चंदनानं हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. रिसोडच्या बाजारपेठेतलं हे दुकान तिच्या सासऱ्यांच्या काळी रेडिओ दुरुस्तीचं होतं. आता तिथं कम्प्युटर विकले जात आणि दुरुस्त होत. विक्री तिचा नवरा मयंक पाहायचा. दुरुस्तीचं टेबल मात्र चंदनाचं. बंद पडलेली वस्तू सुरू झाली तरी तिचं समाधान होत नसे. ती बंद का पडली होती, हे कळेपर्यंत ती वस्तू ग्राहकाला परत मिळायची नाही, अशी तिची ख्याती होती.

गुरुजी तिचे जुने ग्राहक. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर ते मेडशीजवळच्या आपल्या तांड्यावर राहायला गेले आणि तिथं त्यांनी एक वेगळंच काम हाती घेतलं. तांड्यातल्या म्हाताऱ्या माणसांसमोर रेकॉर्डर ठेवायचा आणि गोरबोलीतला, म्हणजे बंजारा भाषेतला, एकेक शब्द त्यांच्याच तोंडून बोलवून घ्यायचा. शब्द, मग त्याचा अर्थ, मग त्यावरून आठवलेली एखादी गोष्ट. शब्दांचा कोशच, पण आवाजाचा. रेकॉर्डर भरला की सगळं कम्प्युटरवर उतरवायचं आणि रेकॉर्डर पुन्हा रिकामा करायचा. असं वर्षानुवर्षं चाललं होतं. बोलणाऱ्यांतली कितीतरी माणसं आता राहिली नव्हती. गुरुजींची आई, गोमतीबाई, त्यांतलीच एक.

"एवढं सगळं एकाच ठिकाणी ठेवू नका," असं चंदनानंच त्यांना बजावलं होतं आणि ही हार्ड डिस्क दिली होती.

"आईचं लावा आधी," गुरुजी म्हणाले. "काल चोरी झाल्यापासून ऐकलं नाई. घरात दुसरा कम्प्युटर कुठं आहे?"

चंदनानं डिस्क आपल्या लॅपटॉपला जोडली. बारीक निळा दिवा लागला. पडद्यावर फोल्डरांची रांग उभी राहिली. प्रत्येकाला एका माणसाचं नाव होतं. गोमतीबाई. हरिसिंग. रामधन. तिनं गोमतीबाईंच्या नावावर दोनदा टिचकी मारली.

फोल्डर उघडलं नाही. वस्तू जागेवर नाही, अशी एक पाटी पडद्यावर आली.

तिनं हरिसिंगचं नाव दाबलं. तीच पाटी. रामधनचं दाबलं. तेच.

गुरुजींचा हात काउंटरच्या कडेवर घट्ट आवळला गेला. "म्हंजे त्यानं यातलंबी पुसलं?"

चंदनानं लॅपटॉप जवळ ओढला. ती पडद्याकडे वाकून पाहत होती. प्रत्येक फोल्डरच्या चित्राच्या कोपऱ्यात एक इवलासा वळलेला बाण होता.

"गुरुजी, ही कॉपी करायला वेळ किती लागला होता?"

"वेळ कायचा? इकडे केलं अन् तिकडे झालं. मंजूले म्हटलंबी, पाह्य पोरी, काय फास्ट डिस्क देली भाभीनं."

"आणि उघडून पाहिलं होतं?"

"पाह्यलं ना! तुमीच सांगतलं होतं, उघडून पाहा म्हणून. सगळ्या तांड्यासमोर आईचा आवाज लावला. याच्यातूनच."

"ही कुठल्या कम्प्युटरला लावली होती तेव्हा?"

"माह्याच. दुसरा कुठून आणू?"

चंदनानं लॅपटॉपवरून नजर उचलली.

"चोरानं यातलं काहीही पुसलेलं नाही, गुरुजी."

त्यांनी सुटकेचा श्वास घ्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती पुढचं बोलून गेली.

"यात कधी काही नव्हतंच."

२

मयंकनं खुर्ची पुढं सरकवली, पण गुरुजी बसले नाहीत.

चंदनानं कोपऱ्यातल्या बाणावर बोट ठेवलं. "याला शॉर्टकट म्हणतात. ही दारावरची पाटी आहे, घर नव्हे. तुमच्या पडद्यावर समोरच ही नावं होती ना?"

"मंजूनं लावून देली होती. मले शोधत बसा लागू नये म्हणून."

"खरे आवाज आत, कम्प्युटरच्या दुसऱ्या कप्प्यात होते. तुम्ही समोरच्या पाट्या उचलून यात ठेवल्या. डिस्क तुमच्या कम्प्युटरला जोडलेली असेपर्यंत पाटीवर टिचकी मारली, की ती मागच्या मागे त्या कप्प्यातलंच उघडायची. तुम्हाला वाटलं, आवाज डिस्कमधून येतोय. तासन्‌तासांचे आवाज असे पापणी लवायच्या आत कॉपी होत नाहीत."

गुरुजी आता बसले. 

"म्हंजे सगळं त्या कम्प्युटरच्या डब्यातच आहे," ते शेवटी म्हणाले. "अन् डबा चोराजवळ."

"डबा मिळाला तर सगळं मिळेल."

"अन् त्यानं तो विकला, पुसून टाकला, तर?"

चंदनानं डिस्क लॅपटॉपपासून सोडवली. "काय काय गेलंय, ते नीट सांगा," ती म्हणाली.

काल गुरुजी आणि त्यांची मुलगी मंजू अनसिंगला एका साखरपुड्याला गेले होते. दुपार उलटून परत आले, तर बाहेरच्या खोलीतल्या टेबलावरचा सीपीयूचा डबा गायब. डब्याच्या दोन्ही बाजूंना असायचे ते छोटे स्पीकरही गेले होते.

"आणि स्क्रीन?"

"आहे ना. स्क्रीन, कीबोर्ड, माउस, सगळं जागच्या जागी. ही डिस्क डब्याले लावलेली होती, थे काढून टेबलावर ठेवलेली. वरून रुमाल झाकलेला."

"झाकलेला?"

"हाव. नीट. चारी कोपरे दाबून."

"पोलिसात कळवलं का?" मयंकनं विचारलं.

गुरुजींनी मान हलवली. "तांड्यावर पोलीस आले का आधी आमच्या सगळ्यांकडेच चोर म्हणून पाह्यतात. माह्या आज्याच्या काळापासून पाह्यतात. एका डब्यासाठी मी थे दार उघडणार नाई."

चंदना लॅपटॉप बंद करता करता थांबली. "दाराचं कुलूप कसं तोडलं होतं?"

"तुटलंच नाई," गुरुजी म्हणाले. "मी आलो तवा कुलूप लावलेलंच होतं."

चंदनानं लॅपटॉप आणि डिस्क पिशवीत टाकली आणि मयंककडे पाहिलं. तो हसला. "जा," तो म्हणाला. "तसंही दुकानात आता तुझं चित्त लागणार नाही."

३

मालेगावपर्यंत एसटी, पुढं मेडशीपर्यंत जीप आणि तिथून शेताच्या कडेनं पायी. तुरीची कापणी उरकली होती आणि तांड्याच्या वाटेवर तुऱ्हाट्यांचे भारे रचून ठेवले होते.

मंजू ओट्यावरच उभी होती. पंचविशीची, चटपटीत. डिस्कमध्ये काही नाही हे ऐकल्यावर तिनं कपाळाला हात लावला. "त्या पाट्या मीच केल्या होत्या भाभी. बाबाले सोपं जावं म्हणून."

"पाट्या बरोबर होत्या," चंदना म्हणाली. "चल, खोली दाखव."

कुलपाची किल्ली दाराशेजारच्या कोनाड्यात असायची. हे कुणाकुणाला ठाऊक होतं, असं विचारल्यावर मंजूनं सगळ्या तांड्यावरून हात फिरवला.

टेबलावर स्क्रीन एकटाच उभा होता. शेजारी तो रुमाल. निळ्या कापडाचा, काठाला आरशांचे तुकडे लावलेला.

"हा इथंच असायचा?"

"नाई. हा डब्यावर घालायचा. धूळ बसू नये म्हणून मीच शिवला."

चंदनानं रुमाल उचलून पाहिला. म्हणजे चोरानं डब्यावरचा रुमाल काढला आणि तो मागं राहणाऱ्या डिस्कला पांघरला. चोरी करायला आलेलं माणूस घाईत असतं. हे माणूस धुळीची काळजी करत होतं.

"डिस्कबद्दल तांड्यात कुणाला माहीत होतं?"

"सगळ्यांले," मंजू म्हणाली. "बाबानं मागच्या आठवड्यात मंदिरासमोर लोकं जमवले. हे सगळं तिथं नेऊन मांडलं. डब्यावर हात ठेवून म्हणे, तांड्याचे सगळे बुढे याच्यात बसले आहेत. मंग डिस्क वर धरून म्हणे, आता थेच सगळे याच्यातबी बसले. दोन ठिकाणी झाले. आता एक गेलं तरी आपलं काई जात नाई."

गुरुजींनी मान खाली घातली.

"त्यावर कोण काय बोललं?"

"अमरदीप म्हणे, मले द्या, मी मोबाइलवर टाकतो, दुनिया ऐकंल." अमरदीप हा गुरुजींचा पुतण्या. मेडशीत त्याचा लग्नात वाजवायच्या साउंड सिस्टिमचा धंदा होता. "बाबा त्याले नाई म्हणाले. काम पुरं झाल्याशिवाय कोणालेच नाई. अन् देवमनकाका तर उठूनच गेले. रामधनबानं त्यायच्या घरच्या जुन्या भांडणाची गोष्ट सांगतली आहे ना. थे पुसा म्हणून मागं लागले होते. बाबानं पुसलं नाई."

"आणखी?"

"बाकीचे काय, ज्याले त्याले आपल्या माणसाचा आवाज ऐका लागते. कोणी आईचा मागते, कोणी नवऱ्याचा. बाबा म्हणते, थांबा, नीट लावून घेतो, मंग सगळ्यांले ऐकवतो." मंजूचा आवाज एकदम खाली आला. "भाभी, एक सांगू? काल दुपारी अमरदीप इथं आला होता. जाताना त्याच्या जीपमध्ये गोधडीत गुंडाळलेलं एक खोकं होतं. शेजारच्यायनं पाह्यलं."

४

अमरदीपचं गोदाम मेडशीच्या रस्त्याला लागूनच होतं. आत माणसाएवढे स्पीकर भिंतीला लावून ठेवलेले. काका आणि त्यांच्या सोबतची बाई पाहून तो आधी हसला, मग त्याचं हसू ओसरलं.

"माह्यावर नाव आलं ना? मले मालूमच होतं."

"खोकं काय होतं?" चंदनानं सरळ विचारलं.

त्यानं कोपऱ्यातली गोधडी ओढली. खाली फाटलेल्या पडद्याचा एक काळा स्पीकर होता. "हेमसिंगच्या घरी लग्नापासून पडला होता. परत आणला. पाहा, वायरबी तुटेल आहे." मग तो गुरुजींकडे वळला. "काका, मले आवाज पाहिजे होते, खोटं कायले सांगू? पण मले डबा उचलाची काय गरज? खिशात पेनड्राइव्ह असते माह्या. किल्ली कुठं असते मालूम आहे. येतो, लावतो, घेतो, जातो. तुमाले पत्ताबी लागला नसता!"

गुरुजींना राग आला, पण चंदनाला ते बोलणं आवडलं. बरोबर होतं. ज्याला कॉपी म्हणजे काय हे कळतं, तो डबा डोक्यावर घेऊन जात नाही.

देवमन त्यांना शेताच्या बांधावर भेटला. उंच, ताठ म्हातारा. गुरुजींना पाहून तो उठला नाही.

"हाव, मले थे पुसून पाहिजे होतं," तो म्हणाला. "माह्या बापानं भावाशी काय केलं, थे माह्या नातवांनी मशीनमधून काहून ऐकावं? आजबी माहं तेच म्हणणं आहे. पण मले एक सांगा बाई. हा मंदिरासमोर लहान डबी नाचवून सांगते, का सगळं याच्यातबी आहे. मले पुसाचंच असतं, तर मोठा डबा नेऊन लहान ठेवली असती का? आधी थे लहानी खिशात घातली असती."

"बरोबर आहे तुमचं," चंदना म्हणाली.

देवमनला हे अपेक्षित नसावं.  "मंग मले कायले विचारता?"

"तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

बांधावरून परत निघाले, तेव्हा गुरुजी थकले होते. "दोघंबी नाई म्हंजे कोणीच नाई," ते म्हणाले. "बाहेरचाच कोणी भुरटा असंल. आतापर्यंत डबा अकोल्याले पोचला असंल."

"बाहेरच्याला कोनाडा कसा सापडला? आणि जाताना कुलूप लावून किल्ली जागेवर ठेवायची त्याला काय पडली होती?" चंदना चालता चालता थांबली. तिच्या मनात मघापासून काहीतरी जुळत चाललं होतं. "गुरुजी, ज्याला विकायचंय तो स्क्रीन सोडत नाही. ज्याला पुसायचंय तो डिस्क सोडत नाही. ज्याला कॉपी कळते, त्याला डबाच लागत नाही. मग हा कोण आहे? त्यानं डबा नेला आणि स्पीकर नेले. पडदा नको, कीबोर्ड नको. त्याला पाहायचं नव्हतं, वाचायचं नव्हतं. त्याला फक्त ऐकायचं होतं."

गुरुजी तिच्याकडे पाहत होते.

"आणि जाताना त्यानं डिस्क तुमच्यासाठी झाकून ठेवली. तुम्हीच सांगितलं होतं, की एक गेलं तरी काही जात नाही. त्यानं ते खरं मानलं. गुरुजी, ही चोरी नाही. कुणीतरी वाटणी केलीय. एक तुम्हाला, एक मला."

"पण कोणी?"

"ते मंजू सांगेल," चंदना म्हणाली आणि झपाझप तांड्याकडे निघाली.

५

"चोरी कळल्यावर तुमच्याकडे कोण कोण येऊन गेलं?" तिनं दारातूनच विचारलं.

"सगळा तांडा लोटला होता," मंजू म्हणाली. "देवमनकाकाबी लांबून पाहून गेले."

"आलं नाही असं कुणी? एरवी जे माणूस येतं आणि यावेळी आलं नाही?"

मंजू विचारात पडली. मग तिचा हात हळूहळू तोंडाशी गेला.

"दुर्गाबाई," ती म्हणाली. "हरिसिंगबाची बायको. हरिसिंगबा वारल्यापासून रोज येते. उंबऱ्यावर बसते. म्हणते, लाव माह्या माणसाले. बाबा म्हणते उद्या. थे उठून जाते. परवापर्यंत येत होती. कालपासून नाई. आजबी नाई."

गुरुजी खाली बसले.

"तिची नजर कशी आहे?" चंदनानं विचारलं.

"अंधुक दिसते. पण भारे वाहते अजून. तुऱ्हाट्यांचा भारा डोक्यावर घेऊन रोज याच वाटेनं जाते."

दुर्गाबाईचं घर तांड्याच्या शेवटाला होतं. चंदनानं गुरुजींना थोडं मागं राहायला सांगितलं आणि ती एकटीच आत गेली. म्हातारी चुलीपुढं बसली होती. हातभर बांगड्या, डोळ्यांवर दुधाळ साय.

"कोण हाय वं?"

"मी चंदना, आजी. रिसोडहून आले. गुरुजींना ती लहान डबी मीच दिली होती."

दुर्गाबाईचा चेहरा उजळला. "बरं केलं बाई तू. दोन झाले तुह्यामुळं." आणि मग, सावधपणे, "बोलतात ना थे तिच्यातून? गुरुजीची माय बोलते ना?"

आता खरं सांगण्याशिवाय दुसरा रस्ता नव्हता. चंदना तिच्याजवळ जमिनीवर बसली.

"नाही आजी. ती डबी रिकामी निघाली. गुरुजींकडून चूक झाली. त्यात एकही आवाज उतरला नव्हता. जे काही आहे ते मोठ्या डब्यातच आहे."

म्हातारी तिच्याकडे वळली. चुलीतलं लाकूड तडतडलं.

"म्हंजे त्याच्याजवळ काईच नाई राह्यलं?" तिनं विचारलं. "त्याच्या मायचाबी आवाज नाई?"

"नाही."

दुर्गाबाई उठली. भिंत चाचपत ती कोपऱ्यातल्या धान्याच्या कोठीमागं गेली आणि एक जुनी, आरशांची फेटिया, म्हणजे घागरा, बाजूला सारली. लग्नातली असावी. खाली डबा होता. शेजारी दोन्ही स्पीकर, अगदी बरोबर डाव्या-उजव्या बाजूला मांडलेले.

"मी काई चोरलं नाई," ती म्हणाली. "त्यानंच सांगतलं, दोन झाले म्हणून. मंग एक मी तुऱ्हाट्यांच्या भाऱ्यात घालून आणलं, एक त्याच्याजवळ ठेवलं. कोणाचं काय गेलं?"

दारात सावली पडली. गुरुजींना राहवलं नव्हतं. "भौजी," ते म्हणाले, "मले मागतलं असतं."

"मागतलंच होतं," दुर्गाबाई म्हणाली. "रोज."

गुरुजी तिथंच उभे राहिले. पुढं यावं की मागं जावं, हे त्यांना कळत नव्हतं.

"पण हा बोलत नाई," म्हातारी चंदनाला म्हणाली. "कालपासून कितीदा लावला. दिवा लागते, गुरगुर करते, पण एक शब्द बोलत नाई. माह्याशीच बोलत नाई का हा?"

"तसं नाही. पडदा-माउसाशिवाय कुणाचा आवाज लावायचा, हे त्याला सांगता येत नाही," चंदना म्हणाली. "आणि मग बंद कसा करता, आजी?"

"बटनातून वायर ओढतो," दुर्गाबाई म्हणाली. "गुरगुर ऐकवत नाई म्हणून."

६

आतली डिस्क फिरत असताना वीज तोडली, की काय होऊ शकतं, ते चंदनानं दुकानात कितीतरी वेळा पाहिलं होतं. वाटेत तिची नजर डब्यावरच होती. गुरुजींनी डबा छातीशी धरला होता आणि दुर्गाबाई त्यांच्या मागोमाग दोन्ही स्पीकर पदरात घेऊन चालत होती.

बाहेरच्या खोलीत डबा टेबलावर आला. चंदनानं वायरी जोडल्या आणि बटण दाबलं. गुरगुर सुरू झाली. पडदा काळाच राहिला. मग त्यावर पांढरी अक्षरं आली. कम्प्युटर स्वतःची डिस्क तपासत होता. आकडा सरकायचा, अडायचा, पुन्हा सरकायचा. मंजूनं बापाचा हात धरला. आकडा एका ठिकाणी इतका वेळ अडला, की चंदनाला आपलाच श्वास ऐकू येऊ लागला.

मग पडदा उजळला. सगळी नावं समोर आली.

तिनं पाट्यांना हात लावला नाही. थेट आतला कप्पा उघडला. खरी फोल्डरं तिथं होती. प्रत्येकाचा आकार भरघोस, एकाच्याही कोपऱ्यात बाण नाही.

"आहेत," ती म्हणाली. "सगळे आहेत."

गुरुजींनी डोळे पुसले आणि माउसकडे हात नेला. "हरिसिंगचं लावतो आधी. भौजी थांबली आहे."

"थांबा," चंदना म्हणाली. असं म्हणताना तिला स्वतःलाच वाईट वाटलं. "या डब्याला कालपासून फार झटके बसलेत. किती वेळ चालेल सांगता येत नाही. आधी कॉपी. आजी, थोडं थांबाल?"

दुर्गाबाई उंबऱ्यावर बसली. तिची रोजची जागा. "थांबतो," ती म्हणाली. "इतके दिवस थांबली."

यावेळी कॉपीची हिरवी पट्टी पडद्यावर मुंगीच्या पावलांनी सरकली. चंदनानं गुरुजींना शेजारी बसवून घेतलं आणि दाखवलं, आतला कप्पा कसा उघडायचा, पाटी आणि घर कसं ओळखायचं, काम संपल्यावर डिस्क आधी पडद्यावरून कशी सोडवायची आणि मगच वायर कशी काढायची. मंजूनं चहा केला. तो पिऊन झाला, कपही विसळून झाले, तरी पट्टी अर्ध्यावरच होती. उन्हं ओट्यावरून खाली उतरली. बातमी पसरली असावी, कारण अंगणात एकेक करून माणसं येऊन टेकत होती. देवमन कुडापाशी उभा राहिला, पण आत आला नाही. गुरुजींनीच त्याला हाक मारली. "ये ना. तुह्या बापाचं काय करायचं, थे तुले विचारून ठरवू." तेव्हा तो आला.

पट्टी संपल्यावर चंदनानं डिस्क सोडवली आणि आपला लॅपटॉप उघडला. "आता खरी परीक्षा. दुसऱ्या कम्प्युटरवर उघडलं, तरच म्हणायचं कॉपी झाली."

"अन् झाली, तर डिस्क इथं नाई ठेवायची," गुरुजी म्हणाले. "एकाच टेबलावर दोन ठेवून काय उपयोग? एक चोर आला का दोनबी गेले." ते दुर्गाबाईकडे वळले. "भौजी, हे तुह्या कोठीत राहील. चालंल?"

म्हातारीनं मान डोलावली. तिचं लक्ष भलतीकडंच होतं. चंदनानं हरिसिंगच्या फोल्डरवर टिचकी मारली आणि त्यातली पहिलीच फाइल लावली.

आधी खरखर. मागं कुठंतरी कोंबडा आरवला. मग एक खर्जातला, तंबाखूनं जड झालेला आवाज खोलीत आला. दुर्गाबाईनं हात पुढं केला आणि तसाच हवेत धरून ठेवला.

हरिसिंग 'ढावलो' या शब्दाचा अर्थ सांगत होता. मंजू हलक्या आवाजात चंदनासाठी त्याचं मराठी करत गेली. लग्न झाल्यावर नवरी सासरी निघते, तेव्हा एकेकाच्या गळ्यात पडून गात गात रडते. ते रडणं म्हणजे ढावलो. "आता आमची दुर्गाच घ्या," आवाज म्हणाला. "असा ढावलो केला तिनं, असा केला, का गाडीचे बैलबी पाऊल उचलेनात. तिथंच उभे राह्यले. जनावराच्या डोळ्याले पाणी आलं होतं."

अंगणात कुणीतरी हुंदका दिला. चंदनानं दुर्गाबाईकडे पाहिलं. तिच्याही गालांवरून पाणी ओघळत होतं, पण भुवया आवळल्या गेल्या होत्या.

"खोटं सांगून राह्यला," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. चंदनानं आवाज थांबवला.

"मी रडलीच नव्हती! मले तर गाडीत बसाची घाई झाली होती. रडला थो. माह्या बापानं ताकीद देली तवा भ्याला अन् ढसाढसा रडला. अन् बैलं कायले थांबतील? जूच मोडलं होतं." तिनं पदरानं गाल पुसले. आता ती चांगलीच तापली होती. "साऱ्या तांड्यासमोर मशीनमधून खोटं बोलते! आयुष्यभर हेच केलं यानं."

अंगणातलं हसू आवरेना. देवमनही तोंड फिरवून हसला. गुरुजी मात्र उठले होते. त्यांनी फळीवरचा रेकॉर्डर काढला, फुंकर मारून पुसला आणि दुर्गाबाईच्या समोर, उंबऱ्यावर ठेवला.

"लाल दिवा लागला का बोलाचं, भौजी."

दुर्गाबाईनं पाय आवरून मांडी घातली आणि पदर नीट केला.

"लाव," ती म्हणाली. "खरं काय झालं, थे मी सांगतो."